देवदूताच्या तळहातांवर सोनं: लस्टर की वर्ख?

वेंगुर्ल्याची माती:
नमस्कार. मी घरच्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीवर मातीकाम करते. सध्या देवदूताची एक मूर्ती करतेय. दीड फूट उंच, आतून पोकळ, लाल माती, ग्लेझ (काचेसारखा लेप) कुठेच नाही. चेहरा माझ्या आतेचा. ती बंदरावर मासे विकायची. काष्ट्याचं लुगडं, पाठीला पंख, आणि दोन्ही हात पुढे उघडे. चर्चमधल्या देवदूतांच्या डोक्यामागे सोनेरी वलय असतं, ते मला नको. आतेच्या तळहातांना खवलं चिकटून जी चमक यायची, सोनं तेवढ्यापुरतंच हवंय.

अडचणी दोन. आधीच्या दोन्ही मूर्तींचा डावा पंख भट्टीत मुळाशी तडकला. आणि सोनं कुठलं लावू? मूर्ती समुद्राकडच्या खोलीत राहणार आहे.

भट्टीवाला, सावंतवाडी:
लस्टर, म्हणजे भाजून पक्का होणारा सोन्याचा पातळ लेप, नको. ते ग्लेझच्या गुळगुळीत काचेवर लावून सुमारे ७०० ते ७५० अंशांना पुन्हा भाजतात, तेव्हा आरशासारखं चमकतं. उघड्या मातीवर ते शोषलं जाऊन मळकट दिसतं.

वर्ख घ्या, पण भट्टीत घालायचा नाही. मूर्ती भाजून गार झाली की तळहातांवर शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात द्या, वाळू द्या, मग वर्खासाठीचा गोंद लावून वर्ख चिकटवा. आणि अस्सल २४ कॅरेटचाच घ्या. स्वस्त सोनेरी वर्ख म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्या खाऱ्या हवेत तो हिरवा-काळा पडतो. दोन तळहातांना लागणार किती, तिथे काटकसर करू नका.

पंधराव्या शतकात लूका देल्ला रोब्बियाने फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलसाठी गुडघ्यांवर बसलेले दोन देवदूत केले. माती भाजलेलीच, पण पांढऱ्या ग्लेझखाली पूर्ण झाकलेली. तुम्ही ती उघडी ठेवताय, हे मला फार आवडलं.

गणपतीच्या शाळेतला:
आम्ही शाडूत काम करतो, भाजत नाही, तरी सांधा तो सांधाच. बाय, पंख आणि पाठ सारखीच ओली असताना जोडलंस काय? पंख पातळ, तो आधी सुकतो नि आकसतो. पाठ ओलीच. मग ताण मुळाशी येतो. तडा भट्टीत दिसतो, पण पडलेला आधीच असतो. दोन्हीकडे ओरखडे काढ, त्याच मातीचा घट्ट काला लाव, दाबून बसव. पंखांच्या कडा प्लास्टिकने झाक, पाठ उघडी ठेव. पावसात तीन आठवडे गेले तरी जाऊंदेत.
एक सांग, सुकताना डावा पंख कुठल्या बाजूक होतो?

भट्टीवाला, सावंतवाडी:
बरोबर. शिवाय भट्टी १०० अंशांच्या खाली पाच-सहा तास धरा, ओल निघून जाऊ दे. ५७३ च्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, एकदम फुगतं, गार होताना तिथेच आकसतं. चढताना-उतरताना तिथे घाई नको.

वेंगुर्ल्याची माती:
काका, डावा पंख खिडकीकडे होता. दोन्ही वेळा. दिवसभर तिथून वारा येतो आणि मी दोन महिने मातीलाच दोष देत होते. आज मूर्ती आतल्या खोलीत हलवली, पंखांवर प्लास्टिक बांधलं. हात उघडेच ठेवलेत.