इंदूर: रेडिओवरून टेप केलेल्या रॉकच्या कॅसेटी, स्टेशन कसं ओळखायचं?

रामबागकर:
शहरातल्या जुन्या रेडिओची नोंद करायला घेतली आहे. लोकांनी रेडिओवरून टेप केलेल्या इंग्रजी रॉकच्या कॅसेटी दिल्यात, पण वर ना तारीख, ना स्टेशन, आणि निवेदन कापलेलं. अंदाजाने ‘आकाशवाणी’ लिहायचं नाही. नुसत्या आवाजावरून काही कळतं का? कॉम्प्युटरवर घेताना काय सांभाळावं?

मालवा_मीडियमवेव्ह:
बरंच कळतं. मालवा हाउसची (इंदूर केंद्राची इमारत) आकाशवाणी १९५५ पासूनची, मीडियम वेव्ह ६४८ किलोहर्ट्झ. खासगी एफएम इथे २००१ मध्ये आलं, रेडिओ मिर्ची ९८.३. मिर्चीचं देशातलं पहिलं स्टेशन इंदूरचंच, हे नोंदीत हवंच.

आता फाइल ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) उघडून स्पेक्ट्रोग्राम लावा, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीवर किती आवाज आहे ते चित्रात दिसेल. एफएमवरचा आवाज चांगल्या कॅसेटवर १०-१२ किलोहर्ट्झपर्यंत भरलेला दिसतो. मीडियम आणि शॉर्ट वेव्हचा ४-५ च्या आसपास तुटतो, कारण रिसीव्हरचा फिल्टरच तेवढा अरुंद असतो. या दोघांतला फरक शिट्टीवरून लागतो. आपल्याकडे मीडियम वेव्हवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, शॉर्ट वेव्हवर बहुधा ५ च्या. शेजारचं स्टेशन घुसलं की, गाणं ४-५ वर तुटलेलं असलं तरी, तेवढ्याच फ्रीक्वेन्सीची बारीक शिट्टी टेपवर उतरते आणि सरळ आडवी रेघ दिसते. ९ वर रेघ असेल तर मीडियम वेव्ह, आणि बहुतेक रात्रीचं रेकॉर्डिंग, कारण लांबची स्टेशनं रात्रीच पोचतात. ५ वर असेल तर शॉर्ट वेव्ह, म्हणजे स्टेशन परदेशीही असू शकतं. आवाज वर-खाली होतो, मध्येच फाटतो, एवढ्यावरून मात्र शॉर्ट वेव्ह ठरवू नका. रात्री लांबच्या मीडियम वेव्हचंही तसंच होतं.

डेकवाला:
हे सगळं टेप नीट वाजली तरच दिसेल. हेड (डेकमधला टेप वाचणारा भाग) आणि रबर रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग अ‍ॅझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन: हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवा, आवाज मोनोत (दोन्ही चॅनल एकत्र करून) ऐका, झांजा सर्वांत लख्ख येतील तिथे थांबा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या टू-इन-वनवर भरलेली, म्हणून हे दर वेळी करायचं. आवाज दबका आणि लहरी येत असेल तर कॅसेटच्या आतली, टेप हेडवर दाबणारी फेल्टची गादी पाहा. ती गळून पडली असेल तर रीळ दुसऱ्या, स्क्रूच्या खोक्यात घाला.

लॅपटॉपचा माइक जॅक नको. तो बहुधा मोनो असतो आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, डेकच्या लाइन-आउटला जोडा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, सर्वांत मोठा आवाज -६ डीबीपर्यंत. मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन चालवू नका, एमपी३ तर नकोच. त्यात पहिल्यांदा ती ९ ची रेघच पुसली जाते.

रामबागकर:
एका कॅसेटवर रेघ ९ वर नाही, ९.१८ वर आहे.

मालवा_मीडियमवेव्ह:
मग टेप २ टक्के जलद वाजते आहे. स्टेशनांच्या फ्रीक्वेन्सी सहसा इतक्या सरकत नाहीत, सरकतो तो मोटरचा वेग. ऑडॅसिटीत वेगाचा गुणक ०.९८ द्या, गाण्याची पट्टीही जागेवर येईल. हे प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.