सल्ला हवा: १९२२ चा वॉशिंग्टन नौदल करार पाच मॉडेल्समधून कसा दाखवावा?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी तिने वॉशिंग्टनचा नौदल करार हा विषय घेतलाय. तक्ते सगळेच लावतात, म्हणून तिला जहाजांची पुठ्ठ्याची मॉडेल्स करायची आहेत, १:७०० मापात. टेबल मिळणार चार फूट बाय दोन फूट आणि हातात सात आठवडे, म्हणजे पाचाच्या वर मॉडेल्स होणार नाहीत. शोधायला गेलं की जपानची यामातो आणि जर्मनीची बिस्मार्क या बॅटलशिपचीच दोन नावं पुढे येतात. ती घ्यावीत का? नसतील तर कुठली पाच?

माझं ज्ञान अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्यात मोठ्या युद्धनौकांच्या एकूण वजनाचं ५:५:३ असं प्रमाण ठरलं होतं, इथपर्यंतच. बाबा नौदलात होते, १९६६ ते ६९ आयएनएस दिल्लीच्या बॉयलर रूममध्ये. पण या करारांबद्दल त्यांनाही फारसं माहीत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

सागरवेध

विषय फार सुंदर निवडलाय लेकीने. यामातो आणि बिस्मार्क दोन्ही बाजूला ठेवा. यामातोचं बांधकाम नोव्हेंबर १९३७ मध्ये सुरू झालं, तेव्हा वॉशिंग्टनच्या आणि त्यानंतरच्या १९३० च्या लंडन कराराची मुदत संपून वर्ष होत आलं होतं. बिस्मार्क कागदावर ३५,००० टनांची होती, प्रत्यक्षात ४१,००० च्या वर. या दोघींकडे बघून मर्यादा कळत नाही, आणि तुमचा विषय मर्यादा हाच आहे.

मी निवड अशी करेन की वजनाची ओढाताण ज्या जहाजावर नुसत्या डोळ्यांना दिसते तेच घ्यायचं. करारात बॅटलशिपला, म्हणजे जाड चिलखताच्या मोठ्या तोफनौकेला, ३५,००० टन आणि १६ इंची (नळीच्या व्यासाची) तोफ ही कमाल मर्यादा होती. घरखर्चासारखंच आहे हे. तोफा, चिलखत आणि इंजिनं तिन्ही त्याच पैशांत बसवायची, एकावर जास्त घातले की दुसऱ्यावरचे कमी होतात.

त्यासाठी पहिलं मॉडेल ब्रिटनच्या नेल्सनचं करा. १९२७ साली सेवेत आलेलं जहाज. १६ इंची नऊ तोफा, तीन टरेट (तोफांचे फिरते बुरूज), आणि तिन्ही पुढच्या अंगाला. मागे एकही नाही! कारण असं की टरेट आणि त्यांची दारूकोठारं एकत्र आणली की जाड चिलखताची पेटी आखूड होते आणि हजारो टन वाचतात. तरीही पुरेना, म्हणून इंजिनात काटछाट. ब्रिटनच्याच आधीच्या हूड जहाजाला १,४४,००० अश्वशक्ती आणि ३१ नॉट (ताशी सागरी मैल) वेग, तर नेल्सनला ४५,००० अश्वशक्ती आणि २३ नॉट. लेकीला मॉडेल करताना एक गोष्ट मुद्दाम दाखवायला सांगा: तिसरं टरेट दुसऱ्याच्या मागे खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे ते थेट समोर मारा करूच शकत नव्हतं. आणि ते मागच्या दिशेला फिरवून डागलं की धमाक्याचा हिसका ब्रिजलाच (जहाज चालवायच्या मनोऱ्याला) बसायचा. १:७०० ला जहाज साधारण ३१ सेंटीमीटर होईल.

आता दुसरं मॉडेल. तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तुमच्या बाबांचं जहाजच या करारांचं अपत्य आहे! आयएनएस दिल्ली म्हणजे पूर्वीचं अकिलीस, लिअँडर वर्गातलं क्रूझर (बॅटलशिपपेक्षा लहान, वेगवान युद्धनौका), १९३३ साली सेवेत आलेलं. १९३० च्या लंडन करारात ब्रिटनच्या वाट्याला हलक्या क्रूझरसाठी एकूण १,९२,२०० टन आले. व्यापारी मार्ग जगभर पसरलेले, त्यामुळे ब्रिटनला जहाजांची संख्या हवी होती. लेकीला भागाकार करायला सांगा: १०,००० टनी जहाजं घेतली तर १९, सात हजारी घेतली तर २७. म्हणून दिल्ली ७,००० टनांची आणि ६ इंची आठ तोफांची झाली. टेबलाच्या मध्यभागी तीच ठेवा.

पुठ्ठेकर

सागरवेध यांच्याशी सहमत. मी गेली बारा वर्षं पुठ्ठ्याची जहाजं करतोय, त्यावरून एक सूचना. तिसरं मॉडेल न झालेल्या जहाजाचं करा. अमेरिकेची वॉशिंग्टन नावाचीच बॅटलशिप तीन-चतुर्थांश बांधून झाली होती. करारामुळे काम थांबलं आणि नोव्हेंबर १९२४ मध्ये तोफांच्या सरावात तिला बुडवलं. नुसता सांगाडा करायचा, डेकवर टरेटच्या जागी गोल भोकं ठेवायची. सोपं आहे, दोन संध्याकाळींत होतं. आणि तहात काय ठरलं ते सांगायला याहून बोलकी वस्तू नाही. भरगच्च जहाजांच्या रांगेत ते बोडकं जहाज बघून माणूस विचारणारच, हे असं का?

पुठ्ठा २२० ते २५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). पाण्याच्या रेषेपर्यंतचंच मॉडेल करा, खालचा पोटाचा भाग सोडून द्या. फेव्हिकॉल काडीने लावा, बोटाने नको, नाहीतर डेक पोक धरतो.

भरतीओहोटी

विमानवाहू नौका विसरलात का हो? माझ्या मते या करारांचा सगळ्यात मोठा परिणाम तिथे झाला. अर्धवट बांधलेले बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, पण हलक्या चिलखताची वेगवान जहाजं) मोडीत काढण्याऐवजी त्यातले दोन विमानवाहू करायची मुभा होती, प्रत्येकी ३३,००० टनांपर्यंत. नव्याने बांधायची तर मर्यादा २७,०००. त्या सवलतीतून अमेरिकेच्या लेक्सिंग्टन आणि साराटोगा आल्या. बॅटलक्रूझरची इंजिनं तशीच राहिली, त्यामुळे त्या ३३ नॉटच्या वर पळायच्या.

जपानने अकागी आणि अमागी निवडल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात अमागीचा सांगाडा गोदीतच दुरुस्तीपलीकडे गेला, आणि भंगारात जायची असलेली बॅटलशिप कागा तिच्या जागी आली. पर्ल हार्बरवर विमानं सोडणाऱ्या सहा नौकांमध्ये अकागी आणि कागा दोघी होत्या. चौथं मॉडेल लेक्सिंग्टनचं करा, १:७०० ला ती ३९ सेंटीमीटरच्या आसपास जाते, टेबलावर जागा राखून ठेवा.

मधली_सुट्टी

बाप रे, दिल्लीचं वाचून अंगावर काटा आला. बाबांना वाचून दाखवलं. ते काही वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "एकच धुराडं होतं तिला. लांबून बंदरात शिरताना त्याच्यावरून ओळखायचो." हे बरोबर आहे का? आणि एक शंका: टन मोजायचे कसे? जहाजात इंधन भरलं की वजन वाढणारच ना? मग फसवणूक सहज शक्य होती असं वाटतं.

सागरवेध

बाबांना माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर आहे. लिअँडर वर्गाच्या मूळ पाच जहाजांना एकच रुंद धुराडं होतं. नंतरच्या तीन सुधारित जहाजांना दोन. मॉडेलवर ती खूण नीट उतरवा.

शंका मोलाची आहे. करारात मोजायचं वजन, म्हणजे प्रमाणित विस्थापन, हे खलाशी, दारूगोळा, अन्न, पिण्याचं पाणी सगळं धरून, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून. टन ब्रिटिश, १,०१६ किलोंचा. लांब पल्ल्याच्या नौदलांना इंधन जास्त लागतं, ते मोजलं असतं तर त्यांच्यावर अन्याय झाला असता.

फसवणूक झाली, पण मला त्याहून गंभीर वाटतो तो प्रामाणिकपणे केलेला अतिरेक. लंडन करारात ६०० टनांपर्यंतच्या लहान जहाजांवर बंधन नव्हतं. जपानने त्या फटीत टॉर्पेडो बोटी बसवल्या आणि एवढ्याशा सांगाड्यावर विनाशिकेची शस्त्रं चढवली. त्यातली तोमोझुरू १२ मार्च १९३४ रोजी वादळात उलटली, शंभराच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात जपानचा चौथा ताफा सरावाच्या वेळी टायफूनमध्ये सापडला आणि हात्सुयुकी आणि युगिरी या दोन विनाशिकांचे पुढचे भाग तुटून वेगळे झाले. त्यानंतर जपानला आपल्या ताफ्यातल्या जहाजांची डागडुजी करत बसावं लागलं. वजनाची टंचाई शेवटी खलाशांच्या जिवावर आली. प्रदर्शनात हे आलंच पाहिजे.

पाचवं मॉडेल म्हणून मोगामी घ्या. जपानने ते ८,५०० टनांचं हलकं क्रूझर म्हणून जाहीर केलं आणि त्यावर १५५ मिलिमीटरच्या पंधरा तोफा बसवल्या. करारातली हलक्या क्रूझरची व्याख्या ६.१ इंच, म्हणजे नेमक्या १५५ मिलिमीटरपर्यंत होती. १९३९ च्या सुमारास ते टरेट काढून ८ इंची तोफा चढवल्या. मोगामी आल्यावर अमेरिकेने पंधरा तोफांची ब्रुकलिन काढली, ब्रिटनने बारा तोफांची साउथॅम्प्टन, आणि लहान आकाराच्या जास्त क्रूझरचा ब्रिटनचा बेत तिथेच कोलमडला. दिल्ली आणि मोगामी शेजारी शेजारी ठेवा. तोफा मोजल्या की गोष्ट आपोआप कळते, आठ आणि पंधरा.

अटलांटिककाठी

मी बॉस्टनजवळ राहतो. फॉल रिव्हरला मॅसॅच्युसेट्स ही बॅटलशिप संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. तिकडे कुणी मराठी मंडळी असतील त्यांना आवर्जून सुचवेन. तीही ३५,००० टनांच्या मर्यादेत आखलेली. आधीच्या नॉर्थ कॅरोलायनाची लांबी ७२९ फूट, हिची ६८०. ४९ फूट कापून वाचलेलं वजन १६ इंची गोळे झेलणाऱ्या चिलखतात घातलं. नॉर्थ कॅरोलायनाचं चिलखत १४ इंची गोळ्यांच्या हिशेबाने झालं होतं, कारण १९३६ च्या दुसऱ्या लंडन करारात तोफ १४ इंचांवर आणली होती आणि जपानने सही न केल्यामुळे ती परत १६ झाली.

आत शिरलात की ४९ फूट कुठे गेले ते खांद्यांना कळतं. मी दोन वेळा जाऊन आलोय, दोन्ही वेळा वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.

पुठ्ठेकर

दिल्लीसाठी एक मुद्दा राहिला. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत अकिलीस होती. समोर जर्मनीची ग्राफ श्पे, व्हर्सायच्या तहातल्या १०,००० टनांच्या मर्यादेतून निघालेली, २८ सेंटीमीटरच्या सहा तोफा. म्हणजे दोन वेगळ्या तहांची जहाजं एकमेकांवर गोळे टाकत होती. आणि १९६१ मध्ये दीवच्या मुक्तीत याच दिल्लीच्या तोफा चालल्या. शेवटी १९७८ मध्ये मुंबईतच ती मोडली, तिचं एक टरेट न्यूझीलंडला ऑकलंडच्या नौदल तळावर जपून ठेवलंय.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने यादी पक्की केली: नेल्सन, अर्धवट वॉशिंग्टन, लेक्सिंग्टन, मोगामी आणि मध्यभागी दिल्ली. तोमोझुरूचं मॉडेल होणार नाही, पण तिच्यासाठी एक वेगळी पाटी करायची असं तिने स्वतःच ठरवलंय. दिल्लीच्या पाटीवर दोन्ही नावं लिहिणार, वर अकिलीस १९३३, खाली दिल्ली १९४८.

काल रात्रीपासून बाबा चष्मा लावून बसलेत. धुराडं मीच करणार म्हणाले. ते सरळसोट उभं नव्हतं, किंचित चपटं होतं, आणि वरच्या टोपीला काळा पट्टा पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे. पहिलं गोल झालं म्हणून फाडून टाकलं, दुसरं वाळत ठेवलंय.