ग्लिमेपिराइड चालू असताना सकाळचा सामूहिक व्यायामवर्ग करावा का?

राजारामपुरीकर
नमस्कार. माझे वय ५४ असून ९ वर्षांपासून मला टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्रित गोळी, तसेच रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी मी घराजवळच्या सकाळी साडेसहाच्या एरोबिक्स वर्गात नाव घातले.

गेल्या मंगळवारी गोळी घेऊन आणि फक्त बिनसाखरेचा चहा पिऊन मी वर्गाला गेले. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात पाठ आणि मान घामाने थबथबली आणि टाळ्यांची मोजणी सातच्या पुढे जमेना; सगळ्यांचे हात वर असताना माझे खाली होते. छातीत धडधड मात्र मुळीच झाली नाही, त्यामुळे मलाही तो थकवाच वाटला. प्रशिक्षक म्हणाले, “काकू, थांबू नका, घाम येऊ दे.” शेवटी मी भिंतीला टेकून बसले, शेजारच्या बाईंनी लिमलेटची एक गोळी दिली आणि थोड्या वेळाने मी मोपेडवरून घरी आले. घरी साखर मोजली तर ६८ होती.

वर्ग सोडावा, असे घरचे म्हणतात. मला तो सोडायचा नाही, कारण उपाशीपोटीची साखर या दोन महिन्यांत खरोखरच उतरली आहे आणि एकटीने चालायला जायचे म्हटले की माझा नेम टिकत नाही. आजाराविषयी प्रशिक्षकांना सांगावे का, आणि सगळ्यांसमोर ‘आजारी बाई’ न ठरता ते कसे सांगावे, हे कृपया कळवावे.

मंगळवार पेठ
ताई, वर्ग सोडू नका, पण उपाशीपोटी ती गोळी घेऊन जाणे आजपासूनच थांबवा. गोळीची वेळ बदलण्याविषयी डॉक्टरांना आजच फोन करा. स्वतःच्या मनाने मात्र गोळी बंद करू नका. मी इन्शुलिनवर आहे आणि ग्लुकोमीटर बरोबर घेतल्याशिवाय रंकाळ्याची फेरीसुद्धा मारत नाही.

फिजिओथेरपिस्ट, ताराबाई पार्क
आपण वर्णन केलेला प्रसंग साध्या थकव्याचा नव्हता. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात, आणि लिमलेटची गोळी खाऊनही घरी ६८ भरली, याचा अर्थ वर्गात ती त्याहूनही कमी असावी. केवळ मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा त्रास क्वचितच होतो. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, आणि त्याच वेळी स्नायूही साखर ओढून घेत असतात. म्हणूनच ही गोळी साधारणपणे पहिल्या मोठ्या खाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

धडधड का झाली नाही, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही, म्हणून ते मुद्दाम लिहितो. मेटोप्रोलॉल हृदयाची गती रोखून धरते, त्यामुळे साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ही लक्षणे झाकली जातात. घाम मात्र झाकला जात नाही. आपल्यासाठी अचानक सुटलेला घाम आणि मोजणीचा गोंधळ हीच धोक्याची खूण समजा. याच औषधामुळे नाडीचे ठोके मोजून व्यायामाचा जोर ठरवणेही आपल्याला लागू पडत नाही. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, हे माप पुरेसे आहे.

वर्गापूर्वी साखर मोजा आणि ती १०० च्या खाली असेल तर छोटे केळे किंवा तत्सम काही खाऊन मगच सुरुवात करा. त्रास झालाच तर १५ ग्रॅम साखर लगेच पोटात गेली पाहिजे, म्हणजे पाण्यात विरघळवलेली तीन चमचे साखर. एक लिमलेटची गोळी त्याला पुरत नाही आणि शेंगदाण्याची चिक्की स्निग्धांशामुळे उशिरा लागू पडते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, साखर ७० च्या वर आल्यावर पोळी किंवा बिस्किटे खा, कारण या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो. त्या अवस्थेत मोपेड चालवणे मला सर्वांत धोक्याचे वाटले. ते पुन्हा कधीही करू नका.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केव्हा झाली होती? पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर उड्या, श्वास रोखून वजन उचलणे आणि डोके खाली जाणारी आसने यांमुळे रक्तस्राव होऊ शकतो.

कळंबा
मला दमा आहे, तरीही सांगण्याच्या संकोचाविषयी लिहावेसे वाटते. गळीत हंगामात आमच्या बाजूला उसाचा पाला पेटवतात. अशाच एका सकाळी वर्गात माझा श्वास कोंडला आणि इनहेलर खाली गाडीच्या डिकीत होता. आता तो खिशात असतो आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार वर्गाच्या १५ मिनिटे आधी मी तो घेतो. दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन प्रशिक्षकांशी एकट्याने बोललो आणि आजार, औषधे, त्रासाची खूण आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी त्यांना दिली. तालमीतला वस्तादसुद्धा नव्या पोराला जुन्या पैलवानाइतके जोर मारायला लावत नाही. शिकवणाऱ्याला आपला दम ठाऊक असलाच पाहिजे. ऐकून घेतल्यावरही “काही होत नाही” म्हणणारा प्रशिक्षक असेल, तर मात्र तो वर्ग खुशाल बदलावा.

राजारामपुरीकर
सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी गोळी आता वर्गानंतरच्या नाश्त्याबरोबर घ्यायला सांगितली आहे. आज सकाळी साखर ९६ होती, म्हणून केळे खाऊन गेले. वर्गानंतर ती ११८ भरली. प्रशिक्षकांना पंधरा मिनिटे आधी भेटून चिठ्ठी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, मंगळवारबद्दल वाईट वाटल्याचे सांगितले आणि मला त्यांच्या नजरेसमोर, पहिल्या ओळीत उभे केले. साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली भिंतीशी ठेवली आहे. डोळ्यांची तपासणी तीन वर्षांपूर्वी झाली होती, तेव्हा शनिवारची वेळ घेतली आहे. तोपर्यंत उड्या आणि डोके खाली जाणारी आसने मी करणार नाही.