क्रूझच्या तिकिटात काय येतं, वरून काय लागतं? : अनुभव धागा (सातारा-सांगली)

धागाकर्ता
क्रूझच्या जाहिरातीत एक आकडा असतो, एजंटच्या कोटेशनमध्ये दुसरा, आणि जहाजावरून उतरताना हातात पडणाऱ्या बिलात तिसरा. ज्यांना हा मामला नीट माहीत आहे त्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको, डेकवरच्या सूर्यास्ताचे फोटो तर नकोतच. तिकिटात काय, वर काय, साधारण किती आणि गंडतं कुठे, एवढंच लिहा. मुंबईहून सुटणारी देशी क्रूझ, सिंगापूरहून सुटणारी आणि युरोपातली, तिन्ही चालतील.

विश्रामबाग
पाया आधी सांगतो. तिकिटात येतं ते: खोली आणि तिची रोजची साफसफाई, मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण, बुफे, बुफेतलं पाणी-चहा-साधी कॉफी, पोहण्याचा तलाव, जिम, थिएटरमधले बहुतेक कार्यक्रम, मुलांचा क्लब. न येणारं: दारू, कोल्ड्रिंक, काउंटरवरची कापुचिनो, खोलीत मांडून ठेवलेल्या बाटल्या, खास रेस्टॉरंटं, वायफाय, स्पा, कपडे धुलाई, फोटो, कॅसिनो, डॉक्टर आणि बंदरावरच्या सहली.

ठोकताळा असा: बुफेतलं पाणी-चहा सोडून जे जे पातळ आहे ते पैशाचं, आणि जहाजाच्या बाहेरचं सगळं पैशाचं. खोलीतल्या टेबलावरची पाण्याची बाटली बघून फसू नका. तिच्या गळ्यात किमतीचा कागद असतो. पाणी बुफेच्या मशीनवरून फुकट मिळतं, फक्त बाटलीचं तोंड नळाला लावू देत नाहीत. ग्लासात घ्यायचं आणि बाटलीत ओतायचं.

कृष्णाकाठ
खोलीबद्दल. छापलेला दर माणशी असतो आणि एका खोलीत दोघं धरून असतो. एकटा माणूस गेला तर बऱ्याच कंपन्या जवळजवळ दोघांचं भाडं घेतात. तिसरा-चौथा स्वस्तात जातो, पण त्यांची जागा म्हणजे छतातून किंवा भिंतीतून उघडणारी वरची बर्थ. शिडी उभी आणि अरुंद असते. आजी-आजोबांना नातवंडांबरोबर एकाच खोलीत घालताना वर कोण चढणार ते आधी ठरवा.

सगळ्यात स्वस्त म्हणून 'गॅरंटी' खोली देतात. तिचा अर्थ प्रकार नक्की, जागा कंपनी ठरवेल. ती टोकाला येऊ शकते, डिस्कोच्या खाली येऊ शकते, आणि मग तक्रार चालत नाही. ज्यांना बस लागते त्यांनी थोडे जास्त मोजून जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली नंबरासकट घ्यावी. डोलणं तिथे सर्वांत कमी जाणवतं.

हिशेबनीस_कराड
एजंटकडून एकगठ्ठा आकडा कधीही घेऊ नका. कागदावर ओळी पाडून मागा: मूळ भाडं, बंदर शुल्क, सेवा शुल्क म्हणजे ग्रॅच्युइटी, जीएसटी, टीसीएस, व्हिसा, विमान, विमानतळ ते बंदर गाडी, विमा. 'फ्रॉम अमुक हजार' अशा जाहिरातीत बहुतेक वेळा फक्त पहिली ओळ असते. बंदर शुल्क ऐच्छिक नसतं, तरी ते बाहेर ठेवून आकडा गोंडस केलेला असतो.

ग्रॅच्युइटीचा हिशेब करून दाखवतो. मोठ्या अमेरिकी कंपन्यांत साध्या खोलीला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर पडतात. १८ धरा. दोघं, चार रात्री: १८ × २ × ४ = १४४ डॉलर. डॉलर ९० रुपयांना धरला तर १२,९६० रुपये. एजंट म्हणतो "जहाजावर भरायचे", आणि लोकांना वाटतं ती खुशीची बक्षिसी आहे. तशी नाही. ती रोज आपोआप खात्यात चढते.

टीसीएस मात्र खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. परदेशी टूर पॅकेजवर एजंट तो कापतो, दर बजेटनुसार बदलत आले आहेत. तो आयकर साइटवरच्या तुमच्या कर-उताऱ्यात दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून पॅन कुणाचा दिला आहे ते बघा. पैसे मुलाचे, पॅन वडिलांचा आणि वडील रिटर्न भरत नाहीत, असं झालं की रक्कम अडकली.

माहुली_स्टेशन
वरच्या हिशेबात एक भर. ड्रिंकच्या छापील किमतीवर १८ ते २० टक्के आपोआप लागतात. मेनूत १४ डॉलर असेल तर १८ टक्क्यांनी बिलात १६.५२. पावतीवर खाली पुन्हा 'टिप'ची रिकामी ओळ असते, ती रिकामीच सोडायची. गोऱ्या साहेबाला वाईट वाटेल म्हणून आपले लोक तिथे पाच डॉलर लिहितात. वाढणारा साहेब बहुधा फिलिपिन्सचा, नाहीतर गोव्याचा असतो, आणि त्याचे पैसे आधीच कापलेले असतात. फार आवडला तर शेवटी हातात द्या.

तासगाव_काळी_माती
ड्रिंक पॅकेजचं, म्हणजे रोज ठरावीक रक्कम भरून पिण्याच्या योजनेचं, गणित कुणी मांडत नाही. रोजचे ७० डॉलर आणि एक पेग १४ डॉलर धरला, तर रोज पाच प्याल्यावर कुठे बरोबरी होते. वरचे १८ टक्के दोन्हीकडे लागतात, त्यामुळे गणित तेच. त्यातून बंदराच्या दिवशी तुम्ही सात-आठ तास जमिनीवर. पॅकेज सबंध सफरीचं घ्यावं लागतं, एकाच दिवसाचं मिळत नाही.

खरी मेख पुढे आहे. बऱ्याच कंपन्यांत खोलीतल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. वहिनींचा संकष्टीचा उपास असला तरी. कोल्ड्रिंकचं वेगळं, स्वस्त पॅकेज असतं, मुलांसाठी तेवढं पुरे. आणि बॅगेतून खंबा नेण्याचा विचार सोडा. सामान एक्स-रेमधून जातं, बाटली जप्त होते.

मिरज_जंक्शन
पैशाची पद्धत: जहाजावर रोख चालत नाही (कॅसिनो सोडून). खोलीच्या चावीचं कार्ड तेच खात्याचं कार्ड. पहिल्या दिवशी त्याला क्रेडिट कार्ड जोडायचं किंवा रोख डिपॉझिट भरायचं. इथे फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड देऊ नका. जहाज आधी अंदाजे रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला सफर संपल्यावरही बरेच दिवस लागू शकतात. तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला बंद. क्रेडिट कार्ड जोडताना दोन गोष्टी: बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, आणि "रुपयांत कापू का?" असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर महाग असतो.

देशी क्रूझवर हिशेब रुपयांत होतो, ही कटकट नाही.

मोबाईल: जहाज बंदरातून सुटायच्या आधी फ्लाइट मोड. समुद्रावर फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो, आणि सिंगापूर-मलेशिया-थायलंडचा रोमिंग पॅक तिथे चालत नाही. एक व्हॉट्सॲप व्हिडिओ उतरला तरी बिल डोळे पांढरे करतं. वायफाय बहुतेक ठिकाणी एकावेळी एका उपकरणापुरतं विकतात. दोघांनी एकच घेऊन आळीपाळीने लॉगिन केलं तरी भागतं.

कोरेगावची_लेक
सिंगापूरवाल्यांनी व्हिसा नीट बघा. सिंगापूरला उतरलात ती एक एंट्री, जहाज फुकेत-पेनांग करून परत आलं की दुसरी. म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. जाताना भरायचं अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर फुकट आहे, त्याचे पैसे घेणाऱ्या नकली साइट बऱ्याच आहेत. जहाजातून सिंगापूरला परत येतानाही ते पुन्हा भरावं लागतं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. आणि सिंगापुरात क्रूझची टर्मिनलं दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ सेंटर' सांगू नका, तिकिटावरचं नाव दाखवा.

युरोपात बार्सिलोना-मार्सेय-जेनोआ असं सगळं शेंगेनमध्येच (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) असेल तर एका एंट्रीत भागतं. मध्ये तुर्कस्तानचं बंदर आलं की भागत नाही. शेंगेनला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे.

वाई_घाट
बंदरावरची सहल जहाजाकडून घ्यावी की स्वतः करावी? बंदर बघून ठरवा. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि जॉर्ज टाउन पायी फिरता येतं. तिथे सहल घेणं म्हणजे पैसे उधळणं. उलट 'रोम' म्हणून छापलेलं बंदर असतं चिविताव्हेकिया, रोमपासून सत्तरेक किलोमीटर दूर. 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग, तिथूनही शहर तासाभरापेक्षा लांब. अशा ठिकाणी जहाजाची सहल महाग असली तरी एक फायदा आहे: ती बस अडकली तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. पुढचं बंदर मग स्वखर्चाने गाठायचं.

आता सर्वांत जास्त लोक जिथे चुकतात ते: थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. जहाज बहुतेक वेळा आपली वेळ बदलत नाही, पण किनाऱ्यावर पाऊल ठेवताच मोबाईल आपोआप बदलतो. 'सर्वांनी साडेचारपर्यंत परत' म्हणजे जहाजाचे साडेचार, मोबाईलवर तेव्हा साडेतीनच झालेले असतात. उतरायच्या आधी मोबाईलमधली स्वयंचलित वेळ बंद करा किंवा हातात साधं घड्याळ घाला. फुकेतला पातोंगसमोर जहाज नांगर टाकून उभं राहतं आणि लहान बोटींनी ने-आण होते. परतीच्या बोटीच्या रांगेचा वेळ वेगळा धरा.

पेठेतली_काकू
जेवणाबद्दल. शाकाहारी मिळतं, जैनही मिळतं, पण बुकिंग करतानाच लिहून द्यायचं. शिवाय पहिल्या रात्री डायनिंग हॉलच्या मुख्य वेटरला गाठून सांगायचं. तो दुसऱ्या दिवसाचं ताट आदल्या रात्री ठरवतो. बुफेत पाटी वाचल्याशिवाय वाढून घेऊ नका, भाज्यांच्या सूपमध्येही कोंबडीचं पाणी असू शकतं.

घरून काय नेता येतं? कारखान्यातून सीलबंद आलेलं कोरडं खाणं बहुतेक जहाजांवर चालतं. म्हणजे भडंगाचं सीलबंद पाकीट चालेल, डब्यात भरलेलं घरचं थालीपीठ आणि लसणाची चटणी काढून घेऊ शकतात. दुधाचा पदार्थ म्हणून कंदी पेढ्यांचीही खात्री नाही. आणि यातलं काहीही पुढच्या बंदरावर उतरवू नका, तिथल्या नियमांनी दंड होतो. किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड घरीच ठेवा.

चहा स्वतःचा हवा असेल तर मसाला चहाची पुडकी न्या. गरम पाणी बुफेत कायम असतं.

धागाकर्ता
काकू, पेढ्यांचं वाचून सातारकरांना वाईट वाटणार. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचं कुणी सांगेल का?

माहुली_स्टेशन
रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा. सांगलीकरांना ती संध्याकाळनंतर सोयीची, साताऱ्यात मध्यरात्रीच्या सुमारास येते. स्टेशन माहुलीला, शहराबाहेर असल्यामुळे रिक्षा आधीच सांगून ठेवायची. सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटतं तो धक्का, टॅक्सीने अगदी जवळ. जहाजावर प्रवेश दुपारच्या आसपास, तोवर बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवाव्यात. त्यासाठी बॅगेला कुलूप लागतं. त्याच दिवशी पहाटे गाडी काढून खंबाटकी घाट आणि पुण्याच्या भरवशावर जाऊ नका, प्रवेशाची वेळ उलटली की तिकीट गेलं. परतताना सकाळच्या कोयना एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन करू नका. उतरायला वेळ लागतो, रात्रीची महालक्ष्मीच बरी.

बंदरात दिलेल्या बॅगा खोलीशी पोचायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट किंवा ओळखपत्र, पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. पावसाळ्यात मुंबई-गोवा सफरी नसतात. त्या काळात स्वस्त ऑफर दिसली तर बंदर कुठलं ते वाचा, चेन्नई निघू शकतं.

डॉक्टर_नाही_पण
जहाजावरचा डॉक्टर खासगी दराने बिल लावतो आणि ते खात्यातच चढतं. आपला इथला मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही, प्रवास विमा लागतो. त्यात 'क्रूझ' आणि 'आधीचे आजार' हे दोन शब्द शोधा. बीपी-शुगर लपवून घेतलेला विमा दाव्याच्या वेळी उपयोगाचा नसतो. मळमळीची गोळी डोलणं सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर ती पोटात राहत नाही. कुठली घ्यायची ते घरच्या डॉक्टरांना विचारा. गर्भवतींना २४ आठवड्यांपासून पुढे बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि हे बंदरावर कळलं तर परतावा नाही.

फलटणकर
छान धागा. एक शंका: हवामानामुळे जहाजाने एखादं बंदर गाळलं तर पैसे परत मिळतात का?

हिशेबनीस_कराड
भाडं नाही. त्या बंदराचं शुल्क आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे खात्यात जमा होतात. बाहेरून घेतलेल्या टॅक्सीचे आगाऊ पैसे ज्याचे त्याने मागायचे. म्हणून बाहेरची सहल घेताना 'जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा' एवढी ओळ लिहून घ्या. शेवटच्या रात्री खोलीतल्या टीव्हीवर किंवा ॲपवर सगळं बिल उघडून ओळ न ओळ तपासा आणि हरकत रात्रीच नोंदवा. सकाळी रिसेप्शनसमोरची रांग जिन्यापर्यंत जाते.