फाइलीत ‘बदल’ झाला की ‘फेरफार’?

खानापूरहून : विम या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमचे संदेश मराठीत करायला घेतलेत आणि एकाच जागी अडकलोय. फाइल उघडी असताना बाहेरून तिला काही झालं, तर विम त्याची पाच कारणं मानतो : फाइलच गेली, तंटा (आपणही बदलली, बाहेरूनही बदलली), मजकूर बदलला, ‘मोड’ (फाइल कुणी वाचायची, लिहायची, चालवायची ते) बदलला, नुसती वेळ बदलली. चार जमली, ‘मोड’ जमेना. सीएचमॉड ही मोड बदलायची आज्ञा मारून ६४४ (मालकाला लिहिता येतं) ची ४४४ (सगळ्यांना फक्त वाचता येतं) केली तर मजकूर अक्षरानंही हलत नाही, तरी मोड बदलल्याची डब्ल्यू१६ ही सूचना येतेच. मी ‘फेरफार’ म्हणतोय. जमीन तीच, उताऱ्यावरचा हक्क तेवढा बदलला, तसं.

निपाणीहून : कल्पना झकास, पण शब्द उलटा पडेल. तलाठ्याकडं फेरफार म्हणजे हक्काची नोंद, खरं. पण ‘मजकुरात फेरफार’ हेही आपण म्हणतोच की, आणि तिथं कुणीतरी गुपचूप खाडाखोड केल्याचा वास येतो. जे झालंच नाही, नेमकं तेच वाचणाऱ्याला वाटणार. साधं ‘परवानगी बदलली’ लिहून सोडा.

बेळगाव, शहापूरहून : इथं कन्नडमध्ये ‘परवानगी’ म्हणजे लायसन, गाडी चालवायचंसुद्धा. माझ्या पुतण्यानं ‘फाइलीची परवानगी बदलली’ वाचून विचारलं, “काका, सॉफ्टवेअरचं लायसन संपलं काय?” शिवाय परवानगी दुसऱ्याकडं मागायची असते, इथं मालक स्वतःचाच हात बांधून घेऊ शकतो. ‘मुभा’ घ्या. मूळ अरबी ‘मुबाह’, ज्याला आडकाठी नाही ते. वाचायची मुभा, लिहायची मुभा, चालवायची मुभा. तिन्ही बसतात.

खानापूरहून : मुभा पटला. आणि ‘रीलोड’ला, म्हणजे फाइल डिस्कवरून पुन्हा वाचून घेण्याला, काय म्हणू?

निपाणीहून : तुमचाच उतारा घ्या की! खिडकीत दिसतं ते मूळ दप्तर नव्हेच. कचेरीत नोंद बदलली तरी आपल्या हातातला कागद जुनाच राहतो. ऑटोरीड ही सोय चालू असेल तर विम न विचारता नवा उतारा काढतो. पण हातातल्या कागदावर आपण काही लिहून ठेवलं नसेल तरच. लिहिलं असेल तर थांबून विचारतो. ईमॅक्स हा विमसारखाच दुसरा प्रोग्रॅम यालाच ‘रिव्हर्ट’ म्हणतो. त्याचं ‘पूर्ववत’ मात्र कुणी करू नये. डिस्कवरून येणारी प्रत बहुतेक वेळा जास्त ताजी असते.

शहापूरहून : एक खोच आहे. नुसती मुभा बदलली असेल तर नवा उतारा काढूनही मजकुरात फरक दिसणार नाही. लोक म्हणतील, बटणच चालत नाही. ते संदेशातच सांगून टाका.

खानापूरहून : असं घातलंय : ‘मजकूर तोच आहे, फाइलीची मुभा बदलली आहे. नवा उतारा काढायचा?’ आता ‘फाइलीची’ की ‘फाइलची’, यावर घरात दोन तट पडलेत.