टोनी बेनेटने 1970 चा तो अल्बम का केला असेल?

अर्धा_कानसेन:
परवा अमेरिकन गायक टोनी बेनेटचा 'टोनी सिंग्ज द ग्रेट हिट्स ऑफ टुडे' पहिल्यांदाच पूर्ण ऐकला. सॅन फ्रान्सिस्कोवालं गाणं गाणारा बेनेट माझा लाडका, म्हणून हौसेने लावला आणि बीटल्सच्या 'एलिनॉर रिग्बी'ला येऊन थबकलोच राव. माणूस गातच नाहीये, नाटकात स्वगत म्हणावं तसे शब्द म्हणतोय! एवढ्या मोठ्या गायकाला दुसऱ्यांची चालू हिट गाणी घेऊन अख्खा अल्बम काढायची काय गरज पडली होती? की तेव्हा सगळेच असं करायचे?

जुनी_तबकडी:
सर्रास करायचे. 1971 मध्ये अँडी विल्यम्स आणि जॉनी मॅथिस दोघांनी 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' याच नावाचे अल्बम काढले, दोघेही कोलंबियाचेच, म्हणजे बेनेटच्याच रेकॉर्ड कंपनीचे! गाणं कॅरोल किंगचं, त्याच वर्षी जेम्स टेलरने गाऊन नंबर एकला नेलेलं.
बेनेटचं प्रकरण जरा कडू आहे. 1967 पासून कोलंबियाचा अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस, त्याला रॉकचा जोर दिसत होता, मग जुन्या गायकांनीही आजचं गावं असा धोशा. बेनेटला ते इतकं नकोसं झालं की रेकॉर्डिंगच्या आधी उलटी झाली, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय.

हिशोबनीस:
+1, आणि कंपनीला यात डोकेदुखी काहीच नव्हती हेही बघा. अमेरिकेत 1909 च्या कॉपीराइट कायद्यापासून सोय आहे, गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसरा कुणीही ते रेकॉर्ड करू शकतो, गाणं लिहिणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, फक्त ठरलेले पैसे द्यायचे. तो दर होता एका प्रतीमागे गाण्याला 2 सेंट, आणि 1977 संपेपर्यंत तोच राहिला!! त्यात गाणी लोकांच्या ओठांवर आधीच, आणि ज्यांना मूळ बँडचा गोंगाट सोसत नाही त्यांना ओळखीच्या आवाजात तीच मिळतात, मग नवीन चाली शोधत कोण बसतंय.

बेसूर:
सगळं खापर कंपनीवर नको. त्याच अल्बममधलं 'समथिंग' ऐका. चाल लांब श्वासाची आहे, ओळ मागेपुढे खेचायला जागा आहे आणि बेनेटचं खरं कसब तेच. कंपनीने त्याच वर्षी त्या गाण्याच्या नावाने अजून एक अल्बम काढला तो उगाच नाही. 'एलिनॉर रिग्बी'त मुळात दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), ओळी तुटक, खाली सगळं ठोक्यात बांधलेलं. तिथे हा माणूस खेळणार कुठे? बोलून मोकळा झाला.

अर्धा_कानसेन:
'समथिंग' परत ऐकलं, मान्य, भारी आहे. पुढे काय झालं मग त्याचं?

जुनी_तबकडी:
1972 मध्ये कोलंबिया सोडली. 1986 ला परत तिथेच आला पण आपल्या पसंतीची गाणी घेऊन. आणि 1994 ला एमटीव्ही अनप्लग्ड या टीव्ही कार्यक्रमात तीच जुनी गाणी गायली, त्या रेकॉर्डला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी! वय तेव्हा साठीच्या पुढे.

बेसूर:
अवांतर: ते 'एलिनॉर रिग्बी' रात्री दिवे घालवून ऐका एकदा. गाणं म्हणून सोडून द्या, भुताची गोष्ट म्हणून एक नंबर आहे.