मदत हवी आहे: जेफिटिनिबच्या गोळीने नखुरडी झाली, आई गोळ्या चुकवतेय

नमस्कार मंडळी,

आई ५८ वर्षांची, कराडला असते. मशेरीलाही कधी हात लावला नाही, तरी गेल्या दिवाळीनंतर फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज. तपासणीत ईजीएफआर (पेशींवरचं, वाढीचा निरोप घेणारं प्रथिन) याच्या जनुकात एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे एक छोटा तुकडा गळालेला सापडला, म्हणून जेफिटिनिब २५० मिग्रॅ रोज एक सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, जिना चढायला लागली.

आता त्रास कातडीचा आहे. तोंडावर-छातीवर पुरळ आणि दोन्ही अंगठ्यांना नखुरडी. लसूण सोलायला बसली की डोळ्यांत पाणी येतं. "उष्णता पडलीय," म्हणते. परवा औषधांचा डबा आवरताना गोळ्या मोजल्या, तर अकरा जास्त निघाल्या. विचारलं तर म्हणाली, "एक दिवसाआड घेतली की हात बरे राहतात गं." ऐकून पोटात गोळाच आला.

तिला मी शेतातल्या मोटरचं सांगितलं. स्टार्टर चिकटला की बटण दाबलं तरी मोटर बंद होत नाही, तसं गाठीतलं ईजीएफआर वाढीचा निरोप आला नसतानाही पेशींना वाढायला लावतं. ही गोळी ते अडवते. पण ईजीएफआर कातडीत, नखांच्या मुळाशी, आतड्यातही असतं, म्हणून तिथेही त्रास होतो. हाच बिघाड असलेल्यांना जेफिटिनिब चांगली लागू पडते, हे २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे आईच्या नेमक्या बिघाडावरचं औषध हाताशी आहे, आणि तेच ती चुकवतेय.

ज्यांच्या घरी ही गोळी किंवा तिच्यासारखीच एर्लोटिनिब चालू आहे त्यांनी कृपया सांगा, नखुरड्यांवर कशाने आराम पडला? डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) आणि मलम चालू आहे, पुरळ थोडं बसलंय, नखं तशीच. डॉक्टरांनीच काही दिवस गोळी थांबवून परत सुरू केली, असं कुणाच्या बाबतीत झालंय का?

आणखी एक. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल दिलंय. पोटातलं आम्ल कमी झालं की जेफिटिनिब अंगात नीट शोषली जात नाही, असं वाचलं. तुमच्या डॉक्टरांनी पर्याय काय दिला?

गुरुवारी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जातोय. चुकलेल्या गोळ्यांचं त्यांना सांगणारच आहे, आईला ते अजिबात आवडलेलं नाही. काल रात्री तिने माझ्यासमोर गोळी घेतली. पण रविवारी मला पुण्याला परतायचंय. लांब राहून रोजच्या गोळीवर लक्ष कसं ठेवता, तेही सांगा.